वीस मिनिटं कुठून आणायची? घरसंसारातल्या ध्यानप्रार्थनेविषयी

नालासोपाऱ्याच्या एका भगिनीने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पावसाळ्याआधी त्या तीन दिवसांच्या मौन तपसाधनेला गेल्या होत्या. तिथे शिकवलेली ख्रिस्ती ध्यानप्रार्थना त्यांना मनापासून भावली. निघताना सांगण्यात आलं, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं बसत जा. घरी सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, अंधेरीला नोकरी आणि नवऱ्याची शिफ्ट ड्युटी. त्या लिहितात, "दोन महिने धडपडतेय. बसलं की डोक्यात डबा, घराचा हप्ता, सासूबाईंची औषधं. नाहीतर सरळ झोप लागते. मधेच धाकटी मांडीत येऊन बसते, मग उठावंच लागतं. प्रार्थना गटातल्या एकीने सांगितलं, डोळे मिटून एकच शब्द घोळवणं हे आपल्यातलं नाही. माझ्यात काही कमी आहे का? की हे मठातल्या लोकांचंच काम?"

ताई, कमीबिमी काही नाही. तुम्ही जे लिहिलंत ते ध्यानप्रार्थनेला बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं, माझंही झालं. मी धर्मभगिनी नाही. वसईत वाढले, लग्न होऊनही वसईतच राहिले. सव्वीस वर्षं दादरच्या बाजूला शाळेत शिकवलं, दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं शेवटचं दीड वर्षाचं आजारपण घरातच काढलं. रोज बसायला लागून एकतीस वर्षं झाली. गेली बारा वर्षं धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमधल्या, एका छोट्या गटाबरोबर दर गुरुवारी बसते. त्या अनुभवातून जे सांगता येईल ते सांगते.

आधी या वीस मिनिटांचं बघू, कारण त्या आकड्याने तुमचा जीव टांगणीला लागलाय. 1970 च्या दशकात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या स्पेन्सर गावच्या सेंट जोसेफ मठात थॉमस कीटिंग, विल्यम मेनिंजर आणि बेसिल पेनिंग्टन या ट्रॅपिस्ट पंथाच्या तीन संन्याशांनी ही पद्धत बांधली. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका अनामिक लेखकाने आपल्या शिष्याला शिकवण दिली होती की 'देव' किंवा 'प्रेम' असा एखादा छोटा शब्द धर आणि बाकी सगळं खाली सोड. तीच शिकवण या तिघांनी संसारी माणसांच्या हाती देता येईल अशी सोपी केली. एक शब्द निवडायचा, डोळे मिटून आरामात बसायचं, विचारात गुंतल्याचं लक्षात आलं की अलगद त्या शब्दाकडे परतायचं, शेवटी दोन मिनिटं तसंच शांत राहायचं. इतकंच. दिवसातून दोनदा, वीस वीस मिनिटं. सल्ला चांगलाच आहे. पण तो सल्ला आहे, देवाची आज्ञा नव्हे. घरात तान्हं किंवा आजारी माणूस असेल तर मी दहा मिनिटांनी सुरुवात करायला सांगते, तीही एकदाच. मात्र रोज, आणि एकाच जागी.

जागा आणि वेळ मी अशी निवडली. मुलं लहान होती तेव्हा पहाटे साडेचारला उठून पोळ्या करायचे. पाच वाजून दहा मिनिटांनी डबे भरून ओट्यावर रांगेत लागलेले असायचे आणि सव्वापाचला मोठा उठायचा. मधली पाच मिनिटं कुणाचीच नव्हती. स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पाटावर बसायचे. कुकरची वाफ भिंतीवर ओघळलेली, तेलाचा वास, पाण्याच्या टाकीत पडणाऱ्या धारेचा आवाज. त्या पाच मिनिटांची दहा व्हायला दोन वर्षं लागली, वीस व्हायला मुलं कॉलेजात जावी लागली. येशूने सांगितलंय, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला वेगळी खोली कुठली? ज्या वेळेला तुमच्याकडे कुणी काही मागत नाही ती वेळ म्हणजे तुमची खोली. तुमच्या दिवसात अशी एक फट नक्की असेल. नवी वेळ काढायच्या मागे लागू नका, असलेली फट शोधा. आठवडाभर नुसतं बघा, कुठे सापडते ती.

आता विचारांबद्दल. ध्यान म्हणजे डोकं रिकामं होणं, ही समजूत कुठून पसरली कोण जाणे, पण ती फार नुकसान करते. डोकं विचार करतं, काळीज धडधडतं, दोघांनाही थांबवायचं नसतं. कीटिंग यांच्या शिबिरातली एक आठवण सांगितली जाते. एक धर्मभगिनी पहिल्यांदा वीस मिनिटं बसून उठली आणि हताश होऊन म्हणाली, फादर, मला हे जमायचं नाही, या वीस मिनिटांत माझ्या मनात दहा हजार विचार आले. ते म्हणाले, किती छान, देवाकडे परतायची दहा हजार वेळा संधी मिळाली.

मी हे अगदी शब्दशः घेते. तुम्ही बसता, शब्द मनात धरता, आणि दोन श्वासांत डब्यातल्या भाजीपाशी पोचता. पोचल्याचं लक्षात येतं तो क्षण जपा. तिथे बहुतेक माणसं एक चूक करतात, स्वतःवर चिडतात. 'परत गेलं बघ मन' असं म्हणून मन ओढून आणतात. चिडणं हाही विचारच, आणि भाजीपेक्षा तो जास्त चिकट. भाजीला तिथेच ठेवा, शब्दाकडे या. शब्द मोठ्याने म्हणायचा नाही, ठासून म्हणायचा नाही, त्याचा अर्थ लावत बसायचं नाही. माझा शब्द 'आबा' आहे. गेथसेमानेच्या बागेत येशूने पित्याला ज्या अरामी शब्दाने हाक मारली, त्या 'अब्बा'चा आमच्या घरातला उच्चार म्हणा. आम्ही आजोबांना आबा म्हणायचो, म्हणून सुरुवातीला तो शब्द घेतला की त्यांचा चेहरा, त्यांचं धोतर, विडीचा वास, सगळं यायचं. गटातल्या एका वयस्क बाईने शब्द बदलायला सांगितला. मी बदलला नाही. काही महिन्यांत वापरून वापरून तो गुळगुळीत झाला, आठवणी गळून पडल्या आणि नुसती हाक उरली. तुम्ही 'येशू' घ्या, 'ये' घ्या, काहीही छोटं घ्या. एकदा घेतलात की बैठकीत बदलू नका. हा नको तो बरा, असं करत बसण्यात दहा मिनिटं कुठे जातात कळत नाही.

या आबांची वसईत केळी आणि पानवेलींची वाडी होती आणि विहिरीवर रहाट होता. मी सहा-सात वर्षांची असेन. बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधलेली, तो गोल गोल फिरायचा, लाकडी चाक करकरायचं आणि मातीची गाडगी एकामागून एक रिकामी खाली जायची, भरून वर यायची, पन्हळीत ओतायची, पुन्हा रिकामी खाली जायची. पन्हळीतून पाटात आणि पाटातून केळीच्या आळ्यांत पाणी. माझं काम पाटाच्या कडेला बसून एक आळं भरलं की मातीची ढेकळं लावून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचं. सकाळभर हेच चालायचं. नंतर डिझेल पंप आला आणि रहाट पडून राहिला.

खूप वर्षांनी मी स्पेनच्या आविलाची संत तेरेसा वाचली. 1515 साली जन्मलेली ही कार्मेलाइट संन्यासिनी प्रार्थनेला बागेची उपमा देते. बागेला पाणी चार प्रकारे मिळतं, असं ती लिहिते. पहिला, विहिरीतून पोहऱ्याने शेंदून. दुसरा, रहाटाने. तिसरा, ओढ्या-नदीचं पाणी वळवून. चौथा, पावसाने. ते वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ बसून राहिले. सोळाव्या शतकातल्या स्पेनमधल्या बाईला आबांचा रहाट माहीत होता!

ती उपमा नीट बघितली तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच सापडतं. पोहऱ्याने शेंदणं म्हणजे तोंडी प्रार्थना, वाचन, मनन, जिथे सगळे कष्ट आपले. हात भरून येतात आणि पाणी थोडंच मिळतं. रहाटाने कष्ट कमी होतात, पाणी जास्त येतं. ही मन जरा निवांत व्हायला लागल्याची अवस्था. ओढ्याच्या पाण्याला नुसती वाट करून द्यायची. आणि पाऊस पडतो तेव्हा माळ्याला काहीच करावं लागत नाही. तेरेसा बजावते की बाग तुमची नव्हे, धन्याची आहे, त्याने तुम्हाला माळी म्हणून ठेवलंय. आणि विहीरच आटली तर? तरीही माळ्याने आपल्याकडून होईल ते करावं, पाण्यावाचून फुलं जगवणं धन्याला जमतं.

तपसाधनेत तुमच्यावर पाऊस पडला, ताई. तीन दिवस मौन, आयतं जेवण, झाडं, संध्याकाळची आराधना. तो खरा होता, खोटा मानू नका. पण घरी आल्यावर तुम्ही रोज दहा मिनिटं आभाळाकडे बघत बसता आणि पाऊस आला नाही म्हणून उठता. घरी रहाट आहे. आबांच्या बैलाला पाणी दिसतही नव्हतं, तो फक्त फिरत होता. तुमचं शब्दाकडे परतणं म्हणजे ते फिरणं. पाणी कुठल्या आळ्यात गेलं हे त्या दहा मिनिटांत कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही ठेवू नका. मला वाटतं, नव्याने बसणाऱ्याला विचारांपेक्षा जास्त त्रास देते ती ही सततची तपासणी: होतंय का, लागलं का ध्यान, कालच्यापेक्षा बरं झालं का? पेरलेलं रोज उकरून बघितलं तर रुजेल कसं?

खुद्द तेरेसाचीही गत तुमच्यासारखीच होती. तिने कबुली दिली आहे की कित्येक वर्षं प्रार्थनेची घटका कधी संपते याकडेच तिचं लक्ष असायचं, घड्याळाचा ठोका कधी पडतो म्हणून ती कान लावून बसायची. अठरा वर्षं तिला हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसवतच नसे. कॅथलिक चर्चने जिला प्रार्थनेची आचार्य मानलं, तिची ही गोष्ट. तुम्ही दोन महिनेच झाले म्हणता.

पुस्तकावरून आठवलं. नुसतं शब्द धरून बसणं जड जात असेल त्या दिवशी बायबलमधली एकच ओवी घ्या. बाराव्या शतकात गिगो नावाचा कार्थुसियन संन्यासी होऊन गेला, त्याने याची चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. त्याची उपमा खाण्याची आहे. वाचताना घास तोंडात जातो, मननात चावला जातो, प्रार्थनेत चव लागते, आणि ध्यान म्हणजे ती गोडीच. मी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, वाचलेल्या शुभवर्तमानातली एक ओळ कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून फ्रिजवर लावते. आठवडाभर तीच. सोमवारी ती नुसते शब्द असते, गुरुवारपर्यंत कधीतरी त्यातला एखादा शब्द आपणहून वर येतो. नाही आला तर पुढच्या रविवारी दुसरी ओळ. यात फार खोलात जायची गरज नाही.

झोपेबद्दल तर अजिबात जीव खाऊ नका. फ्रान्समधल्या लिझ्यूची छोटी संत तेरेसा सात वर्षं प्रार्थनेच्या वेळी डुलक्या घेत होती. ती लिहिते की याचं मला वाईट वाटायला हवं, पण वाटत नाही, कारण लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना ती सारखीच लाडकी असतात. तुम्ही रात्री दोनदा सासूबाईंसाठी उठत असाल तर पहाटे बसल्यावर झोप लागणं ही शरीराची हक्काची मागणी आहे. शक्य असेल तर पाठ टेकायची नाही, पाय जमिनीला लावून बसायचं, त्याआधी तोंडावर पाणी मारायचं. तरीही लागली तर लागू द्या. जाग आली की शब्द धरा. आणि आठवड्यात तीन-चारदा असं व्हायला लागलं तर ती वेळ बदला, स्वतःला बदलायला जाऊ नका.

आता सासूबाईंकडे येऊ, कारण तुमच्या दिवसातला सर्वांत मोठा भाग तिथे आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त अडचण म्हणून आलाय.

'काम हीच प्रार्थना' असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. वेगळं बसण्याची सवय नसलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य बहुतेक वेळा सबब असतं. मी स्वतः चार वर्षं ती सबब वापरली आणि त्या चार वर्षांत मी फक्त थकले. पण रोज दहा मिनिटं बसणाऱ्यासाठी ते हळूहळू खरं व्हायला लागतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा सेवक-बंधू होता. आधी सैनिक, युद्धात जखमी होऊन पाय अधू झालेला. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं, जे त्याला मुळीच आवडत नव्हतं. तो म्हणायचा, तव्यावरचं ऑम्लेट मी देवाच्या प्रेमापोटी उलटतो. ऐकायला गोड वाटतं, पण इथवर यायला आपली पहिली दहा वर्षं फार त्रासात गेली हेही त्यानेच सांगून ठेवलंय. आपल्याकडे सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठाई दिसली, तीही एका दिवसात दिसली नसेल.

माझ्या सासऱ्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. रात्री अकराला, एकला, तीनला. माणूस मोठ्या हाडाचा, अंग सोडून दिलेलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, गुडघा दुमडून आपल्याकडे ओढायचं, पाठीमागे उशी सरकवायची, चादरीची सुरकुती ओढून काढायची. पहिले काही महिने मी हे दात-ओठ खात केलं. मग कधीतरी वाचनात आलं की पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियन याने इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांची शिकवण लिहून ठेवली आणि त्यात आब्बा इसहाक नावाचे वडीलधारे एकच ओवी दिवसभर, उठता-बसता, जेवताना, झोपताना म्हणायला सांगतात. ती बायबलमधल्या सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओवी आहे: हे देवा, मला सोडवायला धाव. भूक लागली तरी हीच, राग आला तरी हीच, आनंद झाला तरी हीच. मी ती कूस बदलण्याला जोडली. खांद्याखाली हात घालताना 'हे देवा', ओढताना 'मला सोडवायला धाव'. सुरुवातीला ती माझ्यासाठीच होती, मला यातून सोडव म्हणून. एका रात्री तीन वाजता लक्षात आलं की मी ती त्यांच्या वतीने म्हणते आहे. त्यांना बोलता येत नव्हतं. त्या रात्रीनंतर मी त्यांच्याकडे बघून ते करायला लागले. थकवा तेवढाच राहिला, त्यात काही फरक पडला नाही.

तुम्ही एकच काम निवडा, सासूबाईंना भरवणं किंवा अंग पुसणं. सगळ्या कामांना प्रार्थना जोडायला जाऊ नका, चार दिवसांत सुटेल. एका कामाला एक ओवी. बाकीची कामं जशी चालली आहेत तशी चालू देत.

लोकलबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण नालासोपारा ते अंधेरी रोज जाणं-येणं म्हणजे दीड-दोन तास घराबाहेर, म्हणून सांगते. गर्दीत उभ्याने डोळे मिटून बसायची ध्यानप्रार्थना करू नका, नाही जमत, आणि पर्स-मोबाईलकडे लक्ष ठेवायला लागतं ते वेगळंच. तिथे पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतली येशूची प्रार्थना बरी. 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा' श्वास घेताना, 'मज पापी माणसावर दया कर' श्वास सोडताना. डोळे उघडे ठेवून. श्वास लांबवायचा नाही, तो चालतो तसा चालू द्यायचा. मी वसईपासून बोरिवलीपर्यंत ही म्हणायचे आणि बोरिवलीला गर्दी वाढली की सोडून द्यायचे. आमच्या डब्यात सकाळी टाळ घेऊन भजन म्हणणाऱ्या बायका असायच्या. सुरुवातीला वाटायचं, यांच्या आवाजात माझं काही व्हायचं नाही. नंतर त्यांच्या टाळाच्या ठेक्यावर माझा श्वास आपोआप बसायला लागला. त्यांतली एक माझी जन्माची मैत्रीण झाली.

यावरून तुमच्या गटातल्या भगिनीचं म्हणणं. एकच शब्द घोळवणं आपल्यातलं नाही, असं त्या म्हणतात. त्यांच्या मनात श्रद्धेची काळजी आहे, तिचा मान ठेवून सांगते. आपण मराठी ख्रिस्ती रोझरीला 'जपमाळ' म्हणतो, आणि एका माळेत त्रेपन्न वेळा 'नमो मरिया' म्हणतो. पुन्हा पुन्हा म्हणणं आपल्याला परकं कधीच नव्हतं. कॅसियनची ओवी तर सोळाशे वर्षांची.

इथे जॉन मेन यांची हकीकत सांगण्याजोगी आहे. 1950 च्या दशकात ते ब्रिटिश नोकरीत मलायात होते. क्वालालंपूरला स्वामी सत्यानंद नावाचे गृहस्थ अनाथ मुलांसाठी आश्रम चालवत, त्यांच्याकडे मेन कामानिमित्त गेले आणि ध्यान शिकले. स्वामींनी त्यांना सांगितलं, तुम्ही ख्रिस्ती आहात, ख्रिस्ती शब्दच घ्या. पुढे मेन लंडनमध्ये बेनेडिक्टाइन संन्यासी झाले तेव्हा त्यांना ही पद्धत सोडायला सांगण्यात आलं आणि त्यांनी आज्ञा पाळून ती सोडली. बऱ्याच वर्षांनी कॅसियन वाचताना त्यांना तीच शिकवण आपल्याच परंपरेत सापडली. त्यानंतर त्यांनी 'मारानाथा' हा शब्द घेऊन हजारो संसारी लोकांना बसायला शिकवलं. हा अरामी शब्द संत पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आहे, अर्थ 'प्रभू, ये'. आपल्या मराठी कानाला त्यातलं 'नाथा' लगेच ओळखीचं वाटतं.

चर्चने यात सावध केलेलं आहे, तेही लपवत नाही. 1989 साली व्हॅटिकनने ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र पाठवलं. त्याचा आशय असा की शरीराची स्थिती, श्वास, शब्द यांची मदत होऊ शकते, पण त्यातून मिळणारी शांतता म्हणजेच देवाची कृपा असं समजू नये, आणि प्रेमाच्या आचरणापासून ध्यान तुटू नये. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण शून्याकडे बघत बसत नाही. कुणीतरी तिथे आहे आणि त्याला आपण हवे आहोत, या विश्वासावर बसतो. शब्द ही त्याच्या दारावरची थाप. त्या भगिनीला एकदा तुमच्याबरोबर दहा मिनिटं बसायला बोलवा, वाद घालण्यापेक्षा ते बरं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. शांत बसायला लागलं की कधी कधी जुनं दुखणं वर येतं. माझ्या गटात एका बाईला तिसऱ्या महिन्यात प्रत्येक बैठकीत रडू यायला लागलं. थोडं रडू आलं तर येऊ द्यावं. पण झोप उडाली, जेवण जाईना, दिवसभर कशातच जीव रमेना, मरणाचे विचार यायला लागले, तर ती प्रार्थनेतली कोरड समजून सहन करू नका. बैठक थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. आम्ही त्या बाईला डॉक्टरांकडे नेलं, औषधं सुरू झाली, सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा आमच्यात येऊन बसली. प्रार्थनेतली कोरड वेगळी असते. तिच्यात प्रार्थनेला चव नसते, पण माणूस आपली कामं करतो, हसतो, आणि चव नसली तरी देवाला सोडावंसं वाटत नाही. फरक स्वतःचा स्वतःला कळत नाही, म्हणून महिन्यातून एकदा तरी कुणा जाणत्याशी बोला. धर्मगुरू, धर्मभगिनी, किंवा बरीच वर्षं बसणारं कुणीही.

फरक पडतोय की नाही ते कसं ओळखायचं, हाही तुमच्या मनातला प्रश्न असणार. बैठकीत शोधू नका. माझ्या बाबतीत तो पहिल्यांदा माझ्या धाकट्याला दिसला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. मला म्हणाला, "आई, तू हल्ली डब्याचं झाकण आपटत नाहीस." मी आपटत होते हेच मला माहीत नव्हतं. बसायला लागून तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं आणि त्या सव्वा वर्षात एकही बैठक चांगली झाली असं मला वाटलं नव्हतं.

राहिली तुमची धाकटी, मधेच येऊन मांडीत बसणारी. तिच्यासाठी उठू नका आणि तिला उठवूही नका. एकशे एकतिसावं स्तोत्र फक्त तीन ओव्यांचं आहे. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की मी माझा जीव शांत केला आहे, दूध तुटलेलं मूल आईपाशी असतं तसा. दूध पिणारं बाळ आईकडे काहीतरी मागायला येतं. दूध तुटलेलं मूल काही मागत नाही, त्याला नुसतं जवळ बसायचं असतं. तुमची मुलगी तीन वर्षांची आहे, म्हणजे ती नेमकं तेच करायला येते. तिला मांडीत घ्या, तिच्या केसांवर हनुवटी टेकवा, डोळे मिटा आणि आपला शब्द धरा. ती दोन मिनिटांत चुळबुळ करून उठून जाईल किंवा तिथेच झोपेल. टायमर वाजेपर्यंत तुम्ही बसून राहा.